आजाऱ्यापाशी सत्य : नीतिविचाराचा एक पाठ

वाचकहो, या पाठासाठी एक साधाच प्रसंग समोर घ्या. घरातील सत्तरीच्या अप्पांना दोन महिने पोटदुखीचा त्रास आहे. बेळगावला दाखवले, मिरजेला दाखवले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी अप्पांना बाहेर बाकावर बसवून थोरल्या मुलाला आत बोलावले आणि कॅन्सरचे निदान त्याच्या कानावर घातले. तो बाहेर आला. अप्पांनी विचारले, "काय निघालं रे?" मुलगा म्हणाला, "काही नाही अप्पा, आतड्याला जखम हाय. औषधानं बरी होतीया."

या मुलाला दुष्ट म्हणणारा कोणी भेटणार नाही. उलट शेजारीपाजारी म्हणतील, पोराने बापाचा जीव राखला. तरी जे घडले त्याला नाव एकच आहे. मुलगा बापाशी खोटे बोलला. हे योग्य झाले काय? आणि योग्य असेल वा नसेल, तर कशाच्या आधारावर? नीतिशास्त्रातील मोठमोठे विचार याच "कशाच्या आधारावर" पाशी एकमेकांपासून वेगळे होतात. ते नुसते पाठ करून उपयोग नाही. अप्पांच्या त्या बाकापाशी त्यांना उभे करून पाहिले पाहिजे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. पंचांगात मुहूर्त पाहावा तसे या विचारांकडून उत्तर काढता येत नाही. ज्यांना तयार उत्तर हवे आहे त्यांची येथे निराशा होईल.

पहिला विचार कर्तव्याचा. इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) हा जर्मन तत्त्वज्ञ कोनिग्सबर्ग या एकाच गावी जन्मला, शिकला, शिकवत राहिला आणि तेथेच वारला. १७८५ साली त्याने मांडलेली कसोटी अशी : तू ज्या नियमाने वागतो आहेस तो सर्वांनी पाळावा असा नियम व्हावा, असे तुला म्हणता येते काय? आता मुलाचा नियम तपासा. "समोरच्याला दुःख होणार असेल तर खोटे बोलावे." हा नियम सर्वांचा झाला तर आजाऱ्याला "काही नाही" म्हटल्यावर त्यातून त्याला काहीच कळणार नाही, कारण काही नसले तरी तेच उत्तर आणि सर्व काही असले तरी तेच. म्हणजे ज्या विश्वासाच्या बळावर ते खोटे खपते, तो विश्वासच हा नियम खाऊन टाकतो.

कांटची दुसरी कसोटी मला या प्रसंगी अधिक मोलाची वाटते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्य आहे असे मानून त्याच्याशी वागावे, असे ती सांगते. खोटे ऐकलेला माणूस स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेऊ शकत नाही, कारण निर्णयाला लागणारी माहितीच त्याच्या हाती नसते. अप्पांच्या मनात काय काय असेल? रानाची वाटणी राहिली आहे. धाकट्या भावाशी दहा वर्षांचा अबोला आहे. इंदूरला दिलेल्या लेकीला एकदा भेटायचे आहे. मठात दासोहासाठी बोललेली रक्कम द्यायची आहे. "जखम बरी होतीया" असे ऐकून ते ही सगळी कामे सुगीनंतर करू म्हणून पुढे ढकलतात. मुलाने त्यांचे दुःख टाळले खरे, पण त्याबरोबर त्यांचे उरलेले दिवसही त्यांना न विचारता खर्च केले.

इथवर कांट पटतो. अडचण पुढे येते. फ्रेंच लेखक बेंजामिन काँस्टाँ याने त्याला हटकले की सत्याचे कर्तव्य असे बिनशर्त धरले तर समाजच चालणार नाही. कांटने १७९७ साली उत्तर दिले. मित्र तुमच्या घरात लपला आहे, मारेकरी दारात येऊन विचारतो आहे, तरीही खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही! त्याचे म्हणणे असे की परिणाम आपल्या हाती नसतात. तुम्ही "घरात नाही" म्हणालात आणि तो मित्र तेवढ्यात मागच्या दाराने निसटून मारेकऱ्याच्या तावडीत सापडला, तर त्या मृत्यूचा वाटा तुमच्या खोट्याकडे येतो.

आपल्याकडे याच प्रश्नाचे अगदी उलट उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. कौशिक हा नद्यांच्या संगमावर राहणारा तपस्वी, सदा सत्य बोलण्याचे त्याचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या जवळच्या वनात शिरली. मागोमाग आलेल्या दरोडेखोरांनी त्याला विचारले, आणि त्याने व्रताला जागून वाट दाखवली. माणसे मारली गेली. कथा म्हणते की कौशिक नरकात गेला. ज्या प्रसंगी ही कथा येते तोही ध्यानात घ्यावा. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मारीन, या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन प्रत्यक्ष धर्मराजावर शस्त्र उगारून उभा आहे. प्रतिज्ञेचे अक्षर पाळणे आणि धर्म पाळणे यांत अंतर पडू शकते हे त्याला समजावण्यासाठी ती कथा आहे.

पण वाचकहो, कौशिकाची कथा सांगून अप्पांच्या मुलाला मोकळे करता येत नाही. दरोडेखोर सत्याचा उपयोग दुसऱ्याला मारण्यासाठी करणार होते. अप्पा सत्य मागत आहेत ते स्वतःसाठी, स्वतःच्या देहाविषयी. ज्याला सत्य मागण्याचा काही अधिकार नाही अशा मारेकऱ्याच्या जागी आपण बापाला बसवतो आहोत काय, हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा.

कांटविषयी आणखी एक बारकावा. खोटे बोलू नये म्हणजे सर्व काही, सर्वांना, सर्व वेळी सांगावे असे तो म्हणत नाही. मौन आणि खोटे यांत तो भेद करतो. हा भेद किती निसरडा आहे हे त्याच्याच चरित्रात दिसते. धर्मावरील लेखनामुळे प्रशियाचा राजा फ्रीडरिक विल्हेल्म दुसरा त्याच्यावर रुष्ट झाला, तेव्हा १७९४ साली कांटने लिहून दिले की "महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन" या नात्याने आपण या विषयावर यापुढे बोलणार नाही. १७९७ साली राजा वारला आणि कांट पुन्हा लिहू लागला. त्याचे स्पष्टीकरण असे की वचन त्या महाराजांच्या हयातीपुरतेच होते, शब्द मुद्दामच तसे निवडले होते! अश्वत्थाम्याच्या बाबतीत धर्मराजाने काय केले ते आपणास ठाऊकच आहे. शब्द खरे, हेतू फसवण्याचा. आजाऱ्याच्या घरी हे रोज चालते. "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत ते बरं झालं." वाक्य खरे असते, पण ऐकणाऱ्याच्या मनात जे उमटते ते खोटे असते, आणि ते तसे उमटावे म्हणूनच ते वाक्य उच्चारलेले असते.

दुसरा विचार परिणामांचा. जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कृतीची योग्यता तिच्यातून निपजणाऱ्या सुखदुःखाच्या बेरीज-वजाबाकीवर ठरवली. (हा गृहस्थ हिशेबाचा इतका पक्का की मेल्यावरही आपला देह लोकांच्या उपयोगी पडावा अशी त्याने तजवीज केली. त्याचा कपडे घातलेला सांगाडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जतन केलेला आहे.) त्याचा वारस जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) याने उपयुक्ततावादावर जे पुस्तक लिहिले, ते १८६१ साली मासिकातून आणि १८६३ साली ग्रंथरूपाने आले. त्यात आपला प्रश्न नावासकट येतो. सत्याचा नियम पवित्र आहे, पण त्याला अपवाद आहेत असे सांगून मिल दोन उदाहरणे देतो. एक, गुन्हेगारापासून माहिती लपवणे. दुसरे, अत्यवस्थ आजाऱ्यापासून वाईट बातमी लपवणे.

मुलाचा पक्ष घेणारे येथे खूश होतील. पण मिलच्या अटीही वाचल्या पाहिजेत. लपवल्याने मोठे आणि नाहक अरिष्ट टळले पाहिजे, नकार दिल्याशिवाय ते लपवणे शक्यच नसले पाहिजे, आणि ज्याचे अरिष्ट टळते ती व्यक्ती शक्यतो आपण स्वतः नसावी. शिवाय अपवादाच्या सीमाही आखलेल्या असाव्यात. तिसऱ्या अटीपाशी थोडे थांबा. बापाला सांगायचे म्हणजे त्याचे डोळे पाहायचे, त्याच्या प्रश्नांना तोंड द्यायचे, आपण रडायचे. हे कोणाचे दुःख आपण टाळतो आहोत? "त्यांना सहन होणार नाही" या वाक्यातला "त्यांना" हा शब्द पुष्कळदा "आम्हाला" असा वाचावा लागतो. माझ्या मते या विषयातील निम्मे खोटेपण या एका शब्दात आहे.

हिशेब करायचा तर तो पुराही केला पाहिजे. धक्का, भीती, खाणेपिणे सुटणे ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला काय आहे? खोटे सहसा टिकत नाही. रेडिएशनच्या रांगेत शेजारचा माणूस विचारतो, "तुमचा कुठला?" पाटी असते, कागद असतात, भेटायला आलेल्या पाहुण्यांचे चेहरे असतात. आजाऱ्याला कळते, आणि आपल्याला कळले आहे हे तोही घरच्यांपासून लपवतो. मग एकाच छताखाली सर्वांना सर्व ठाऊक असून प्रत्येक जण एकटा पडतो. आणि पुढे कधी खरोखर चांगली बातमी आली, गाठ कमी झाली, तरी ती अप्पांना खरी वाटत नाही.

परिणामवादाचे वैशिष्ट्य असे की जग बदलले की त्याचे उत्तर बदलते. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर कॅन्सरचे निदान रुग्णाला न सांगणेच पसंत करीत होते. त्याच प्रश्नांवर बेतलेल्या १९७९ सालच्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगावे असे म्हणाले. अठरा वर्षांत मनुष्यस्वभाव बदलला नव्हता. उपचार सुधारले होते, ते महिनोन्महिने घ्यावे लागत होते, आणि आपल्याला काय झाले आहे हे माहीत नसलेला माणूस ते त्रासाचे उपचार सोसायला तयार होत नव्हता. शिवाय रुग्णाच्या हक्कांची चळवळ उभी राहिली होती.

येथे आपल्या परंपरेकडे वळल्यावाचून राहवत नाही. बसवण्णांच्या सर्वपरिचित वचनात असत्य न बोलण्याची आज्ञा चोरी आणि हत्या यांच्या लगत येते, आणि अंतरंगाची शुद्धी व बहिरंगाची शुद्धी यांत वेगळेपणा ठेवलेला नाही. तेथे आजाऱ्याचा अपवाद सांगितलेला नाही. पण म्हणून त्या वचनातून आजच्या रुग्णालयाचा नियम पिळून काढणेही बरे नव्हे. वचने ही कायद्याची कलमे नव्हेत. मात्र एक विसंगती नमूद करतो. ज्या शरणपरंपरेने मरणाला महानवमीचा सण म्हटले, लिंगैक्य होणे म्हटले, तिचे नाव घेणाऱ्या घरात मरणाचा शब्द आजाऱ्याच्या कानी पडू नये म्हणून दारे लावून घेतली जातात.

तिसरा विचार शीलाचा. ॲरिस्टॉटल (ख्रिस्तपूर्व ३८४–३२२) नियम विचारत नाही, परिणामांचा हिशेबही आधी मांडत नाही. तो विचारतो, विवेकी माणूस येथे कसा वागेल? सद्गुण हा दोन टोकांच्या मधला असतो. भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये धैर्य. पण हा मध्य गणिताचा नव्हे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य रीतीने, योग्य कारणासाठी जे करावे ते ओळखणे म्हणजे विवेक. तो पुस्तकातून येत नाही, अनुभवाने येतो.

आपल्या चरकसंहितेतला उपदेश याच्या जवळचा आहे. विमानस्थानात शिष्य वैद्याला सांगितले आहे की रोग्याचे आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी, जेथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला आघात पोचेल तेथे ते सांगू नये. पुष्कळजण हे वाक्य "वैद्याने सांगूच नये" असे करून सांगतात. तसे ते नाही. "जेथे" हा शब्द त्यात आहे, आणि हे "जेथे" कोठे आहे ते ओळखणे वैद्याच्या विवेकावर सोडले आहे. भरल्या खोलीत, पाच मिनिटांत, उभ्या-उभ्या मुदतीचे आकडे सांगणारा डॉक्टर खरे बोलूनही चुकतो. ॲरिस्टॉटलच्या भाषेत तो दुसऱ्या टोकाला गेलेला असतो.

या विचाराची उणीवही उघड आहे. विवेक कोणाचा? अप्पांच्या मुलालाही वाटते की आपण विवेकानेच वागलो. ज्याच्याकडे विवेक नाही त्याला ते कळण्याचे साधन ॲरिस्टॉटल फारसे देत नाही.

स्कॉटिश विचारवंत डब्ल्यू. डी. रॉस याने १९३० साली एक मधला मार्ग मांडला, तो थोडक्यात सांगतो. कर्तव्ये अनेक आहेत. सत्यनिष्ठा आहे, अपाय न करणे आहे, भले करणे आहे, कृतज्ञता आहे. त्यांतील कोणतेही एक सदासर्वदा वरचढ नाही, प्रसंग पाहून ठरवावे लागते. पण हरलेले कर्तव्य नाहीसे होत नाही. सत्य आज सांगता आले नाही तर त्याचे देणे शिल्लक राहते. सावकाराच्या वहीशी ओळख असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आणखी एक आवाज ऐकण्यासारखा आहे. कॅरोल गिलिगन या अमेरिकन विदुषीचे १९८२ सालचे पुस्तक नीतीची चर्चा वेगळ्या ठिकाणी नेते. मुलांना एक कोडे घालीत असत. पत्नी कॅन्सरने मरते आहे, औषध एकाच औषधवाल्याकडे आहे, किंमत परवडत नाही, पतीने चोरी करावी काय? अकरा वर्षांच्या मुलाने हिशेब मांडून सांगितले, करावी, कारण जीव पैशापेक्षा मोठा. त्याच वयाची मुलगी म्हणाली, चोरी करू नये, पण तिला मरूही देऊ नये. पती तुरुंगात गेला तर तिला पुढे कोण पाहील? बसून बोलावे, काही वाट निघेल. जुन्या मोजपट्टीत या मुलीला कमी गुण पडत. गिलिगनने दाखवले की तिने प्रश्नच निराळा पाहिला होता. तिच्या दृष्टीने तो नात्यांचा प्रश्न होता. "सांगावे की न सांगावे" हे आपले कोडेही त्या मुलीला मान्य झाले नसते. तिने विचारले असते, अप्पांशी कोणी बोलले का?

काहीजण म्हणतील, हे सारे पाश्चात्त्यांचे व्यक्तिस्वातंत्र्य आहे, आपल्याकडे माणूस एकटा नसतो, घराचा असतो. या आक्षेपात तथ्य आहे. १९९५ साली लॉस एंजेलिस येथील ८०० वृद्धांना विचारले असता, पसरलेल्या कॅन्सरचे निदान रुग्णाला सांगावे असे युरोपीय वंशाच्या ८७ टक्के लोकांना वाटले, तर कोरियन वंशाच्या ४७ टक्के लोकांना. पण हा आकडा नीट पाहा. कोरियन वृद्धांतही जवळजवळ निम्मे "सांगावे" म्हणणारे निघाले. आपले अप्पा कोणत्या निम्म्यांत आहेत हे त्यांच्या जातीवरून, प्रांतावरून किंवा वयावरून कळणार नाही. ते त्यांनाच विचारावे लागेल. आणि कायद्यापुरते बोलायचे तर, २००८ सालच्या एका निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सज्ञान व समजदार रुग्णावरील शस्त्रक्रियेसाठी संमती त्या रुग्णाचीच हवी, आणि तीही पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली हवी. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

विचारायचे कसे? कॅन्सरतज्ज्ञांसाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका सहा पायऱ्यांच्या पद्धतीत सांगण्याच्या आधी तीन पायऱ्या आहेत. निवांत जागा पाहणे, रुग्णाला काय माहीत आहे ते त्याच्याकडून ऐकणे, आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारणे. घरच्या बोलीत हे असे होईल : "अप्पा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असंल?" मग, "रिपोर्ट आले की सगळं तुम्हालाच सांगू, का मी बघून घेऊ?" आता अप्पा म्हणाले, "तूच बघ, मला काय सांगू नको," तर न सांगणे हा त्यांचा निर्णय झाला. कांटलाही त्यात फसवणूक दिसणार नाही, मिलचा हिशेबही बिघडणार नाही. हा प्रश्न तपासणीच्या आधी विचारला तर सोपा असतो. निदान हाती आल्यावर तो विचारताना आवाज कापतो, आणि आवाज कापला की उत्तर दिल्यासारखेच झाले.

आता एक प्रसंग अभ्यासवर्गातील चर्चेसाठी ठेवतो. अप्पांनी "मला सांगू नको" म्हटले आहे, मुलांनी आणि डॉक्टरांनी ते पाळले आहे. दिवसा मुले कामाला जातात. रात्रीचे उशाशी बसणे, पाणी देणे, ओकारी काढणे हे सारे थोरल्या सुनेकडे आहे. निर्णयाच्या बैठकीत तिला कोणी बसवले नव्हते. रात्री दोनला अप्पा जागे होतात आणि तिला विचारतात, "बाळ, खरं सांग, मी यातनं उठत नाही न्हवं?" आधीचा नकार त्यांनी आता मागे घेतला आहे काय? तिने सांगावे, की मुलाला उठवावे, की "तुम्हाला काय वाटतं, अप्पा?" म्हणून जवळ बसून ऐकावे? वरील प्रत्येक विचार तिला काय म्हणेल ते लिहून काढा. लिहिताना तिच्या जागी घरातील जी व्यक्ती खरोखर रात्री जागते तिला धरा, आणि शक्य असल्यास तिलाच पहिल्यांदा बोलू द्या.